पिस्तूल हातात बसवताना: नेमबाजीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत स्पर्धेच्या पिस्तुलाविषयी बरीच पत्रं आली. कुठलं घ्यावं, घेतलेलं कसं जुळवावं आणि घरातलं रिव्हॉल्व्हर स्पर्धेत चालेल का, हे प्रश्न पुन्हा पुन्हा दिसले. त्यांतल्या सहा प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

मुलगी तेरा वर्षांची आहे. क्लबच्या पिस्तुलावर आठ महिने सराव झाला. आता स्वतःचं १० मीटर एअर पिस्तूल घ्यायचं आहे. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ अशी नावं कानावर येतात. कोणतं घ्यावं? (एक पालक, सांगली)

तुम्ही घेतलेल्या पाचही नावांची पिस्तुलं मोठ्या स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं वापरली जात आहेत. शिकंज्यात पकडून मारलं, तर यांतलं कुठलंही पिस्तूल मुलीच्या हातापेक्षा कितीतरी बारीक ग्रुप (छर्ऱ्यांच्या छिद्रांचा पुंजका) मारतं. म्हणून ब्रँडच्या आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट मुठीचा आकार. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाताला बहुतेक वेळा एस किंवा त्याहून लहान मूठ लागते. दुकानात एम आकाराचं पिस्तूल तयार असतं, ते लगेच मिळतं आणि ‘हात वाढेल की’ म्हणून घेतलं जातं. मोठ्या मुठीवर बोट ट्रिगरपर्यंत ताणून न्यावं लागतं, पकड बोटांच्या टोकांवर येते आणि वर्षभरात ही सवय पक्की होते. पुढे मूठ बदलली तरी सवय सुटायला खूप वेळ जातो. मूठ वेगळी विकत मिळते, तेव्हा पिस्तुलासोबत योग्य आकाराचीच मागवा.

दुसरी गोष्ट वजन. नियमाने कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आहे, पण मोठ्यांची बहुतेक पिस्तुलं ९०० ते १००० ग्रॅमच्या आसपास असतात. लहान हातांसाठी काही कंपन्या आखूड बॅरलची, हलकी मॉडेल करतात. मुलीला रिकामं पिस्तूल नेम धरून उभं करा आणि घड्याळ लावा. वीस सेकंदांच्या आत खांदा वर येत असेल किंवा कंबर मागे झुकत असेल, तर ते पिस्तूल तिच्यासाठी आज जड आहे. वजन पुढे वाढवता येतं, त्यासाठी छोटे वजनतुकडे मिळतात. मूळचं जड पिस्तूल मात्र हलकं करता येत नाही.

तिसरी गोष्ट सुटे भाग आणि दुरुस्ती. तुमच्या क्लबात किंवा शेजारच्या जिल्ह्यात ज्या पिस्तुलाचे ओ-रिंग (रबरी सील), हवेचे सिलिंडर आणि जाणता दुरुस्तीवाला मिळतो, तेच घ्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असताना बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळवलं. सर्वोच्च पातळीवरही यंत्र बंद पडू शकतं, म्हणून दुरुस्तीची सोय हा खरेदीचाच भाग समजा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की मेकॅनिकल, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटतो. मात्र बॅटरी, तार आणि सर्किट ही तीन जास्तीची ठिकाणं सांभाळावी लागतात. पहिलं पिस्तूल मेकॅनिकल असावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वापरलेलं पिस्तूल मिळत असेल तर बिचकू नका. सिलिंडरवरची तारीख मात्र आधी वाचा. उत्पादनापासून दहा वर्षं उलटलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चालत नाही आणि नव्याची किंमत व्यवहारात धरावी लागते. भरलेला सिलिंडर लावून दाब टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. काटा उतरला असेल तर सील गेलं आहे. ही दुरुस्ती किरकोळ आहे, पण भाव कमी करायला पुरेशी आहे. बॅरलच्या तोंडाची कड नखाने तपासा. तिथे खाच लागली तर ते पिस्तूल सोडून द्या.

माझे छर्रे सतत डावीकडे खाली जातात. उजव्या हाताने मारतो. साईट फिरवून मध्यावर आणले की दुसऱ्या दिवशी उजवीकडे जातात. दोष पिस्तुलाचा की माझा? (नाशिक)

दोष मुठीचा असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. साईट आता जागेवर परत आणा आणि पंधरा दिवस तिला हात लावू नका.

पिस्तूल रिकामं करा, समोर कोरा पांढरा कागद लावा. नेहमीसारखे उभे राहा, डोळे मिटा, हात वर आणा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. असं दहा वेळा करून प्रत्येक वेळी फ्रंट साईट (बॅरलच्या पुढच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या साईटच्या खाचेत कुठे दिसते ते लिहा. साईट एकमेकींत जुळलेल्या आहेत, पण अख्खं पिस्तूल एका बाजूला रोखलेलं आहे, असं दिसलं तर पाय फिरवा. ती मुठीची चूक नाही. फ्रंट साईट खाचेतच डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली दिसत असेल, तर मूठ हातात वाकडी बसते आहे. ती खाचेच्या खाली बुडालेली किंवा वर निघालेली दिसत असेल, तर मुठीचा पुढे-मागे झुकण्याचा कोन चुकला आहे. बहुतेक आधुनिक पिस्तुलांत मुठीचा स्क्रू सैल करून हा कोन बदलता येतो आणि काहींत बाजूलाही वळवता येतं. एका वेळी अगदी थोडं फिरवा आणि पुन्हा दहा वेळा डोळे मिटून पाहा.

स्क्रूने भागत नसेल तर लाकडाला हात घालावा लागतो. आधी पकड कुठे हवी ते ठरवा. अंगठा आणि तर्जनीमधला बेचका मागच्या खोबणीत जितका वर जाईल तितका जाऊ द्या. जोर मधल्या आणि अनामिका बोटांनी सरळ मागे, तळहाताकडे द्यायचा. अंगठा फक्त टेकलेला, करंगळी फक्त सोबतीला. तर्जनीची बाजू लाकडाला कुठेही घासता कामा नये. घासली की ट्रिगर ओढताना ती आख्खी मूठ ढकलते आणि तुमचे डावे-खालचे छर्रे बहुधा तिथूनच येतात. दुसरं कारण ट्रिगरपर्यंतचं अंतर. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर यावा. नुसतं टोक टेकलं तर उजव्या हाताचा नेमबाज पिस्तूल डावीकडे ढकलतो. ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकतं, आधी ते करून पाहा.

मग जिथे लाकूड टोचतं तिथे पेन्सिलीने खूण करा. अर्ध्या तासाच्या सरावानंतर तळहातावर जिथे लाल ठसा उमटतो तीच जागा. तेवढं कानशीने अर्धा मिलिमीटर उतरवा, त्याहून जास्त नको. जिथे हात आणि लाकूड यांच्यात पोकळी आहे तिथे एम-सील भरा. मूठ पिस्तुलावरून काढून घ्या, लाकूड खरवडून धूळ पुसा आणि मळलेला गोळा लावा. वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म घालून नेहमीची पकड घ्या म्हणजे बोटांचे ठसे उमटतील. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा मारा, तोंडाला मास्क लावून. पृष्ठभाग गुळगुळीत करू नका. घाम आल्यावर खरखरीत मूठच धरून ठेवते.

तळहाताखालची फळी शेवटी लावा. हात आणि फळी यांच्यात एक ते दीड मिलिमीटर जागा राहू द्या. मे महिन्यात, बंद हॉलमध्ये, चाळीस छर्ऱ्यांनंतर हात सुजतो. घट्ट बसवलेली फळी तेव्हा मूठ वर उचलते आणि छर्रे हळूहळू चढू लागतात. स्पर्धेच्या उत्तरार्धातच गुण का गळतात याचं उत्तर पुष्कळदा या फळीत सापडतं.

सगळं झाल्यावर नियम तपासा. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. एम-सीलचे थर चढवलेली मूठ ५० मिलिमीटरच्या जाडीत अडकते आणि ते स्पर्धेच्या सकाळी कळतं. फळी हाताच्या बाजूने वर वळलेली चालत नाही आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे.

ट्रिगर घरी ५०० ग्रॅमला लावला होता, तरी उपकरण तपासणीत वजन उचललं गेलं नाही. असं कसं होतं? (पुणे)

तपासणीत ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि ट्रिगर न सुटता ते उचललं गेलं पाहिजे. ५०० ग्रॅम ही किमान मर्यादा आहे, तुमचं लक्ष्य तिथे नसावं. घरी स्प्रिंगचा काटा लावून मोजलेले ५०० आणि तपासणीतल्या खऱ्या वजनाचे ५०० यांत सहज दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडतो. शिवाय वजनाचा हूक ट्रिगरवर कुठे टेकला यावरही निकाल बदलतो. पात्याच्या खालच्या टोकाला तो लागला की तरफ लांब होते आणि ट्रिगर लवकर सुटतो. एअर पिस्तूल तपासताना हवेचा भारही सोडलेला असावा लागतो. नुसत्या ड्राय फायरवर (हवा न सोडता ट्रिगर दाबून) केलेलं मोजमाप म्हणून फसवं ठरतं.

घरी ५०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवा. पिस्तूल कॉक करा (मारायच्या तयारीत आणा), छर्रा न घालता सुरक्षित दिशा राखून बॅरल सरळ वर करा, वजन पात्याच्या मध्यावर अडकवा आणि जमिनीवरून सावकाश उचला. दहापैकी दहा वेळा उचललं गेलं पाहिजे. आम्ही ५२० ग्रॅम सुचवतो. वीस ग्रॅमचा फरक बोटाला कळत नाही. स्पर्धेनंतरच्या आकस्मिक तपासणीत नापास झालात, तर मात्र थेट बाद.

जुळवणीचा क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं. आधी पात्याची जागा. मग पहिल्या टप्प्याचं वजन, साधारण ३५० ते ४०० ग्रॅम. उरलेलं दुसऱ्या टप्प्यावर. पहिला टप्पा जड ठेवला की बोट भिंतीपर्यंत (दोन टप्प्यांमधल्या अडथळ्यापर्यंत) येताच बहुतेक भार घेऊन बसलेलं असतं आणि शेवटी थोडंच ओढायचं राहतं. नवशिक्याने उलट केलं, म्हणजे पहिला हलका आणि दुसरा जड ठेवला, तर भिंतीशी येऊन तो थबकतो आणि मग हिसका देतो. त्यानंतर सिअरची (ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या खिट्टीची) पकड. इथे स्क्रूच्या फेऱ्याचा आठवा हिस्सासुद्धा मोठा असतो. पकड फार कमी केली तर ट्रिगर काचेसारखा सुटतो खरा, पण पिस्तूल टेबलावर ठेवतानाही सुटू शकतो. कॉक केलेल्या, रिकाम्या पिस्तुलाच्या मुठीवर तळहाताने पाच-सहा थापा मारा. एकदाही सुटलं तर स्क्रू मागे घ्या. शेवटी सुटल्यानंतरचा थांबा. तो इतका जवळ आणू नका की धूळ बसली तर ट्रिगर सुटणारच नाही. थोडी मोकळीक हवी.

प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू आपोआप फिरला तर रेघ तुटलेली दिसते. स्पर्धेच्या आठवड्यात कुठलाही स्क्रू फिरवायचा नाही.

साईटची खाच किती रुंद ठेवावी? काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरावा का? (जळगाव)

मध्यावर नको. काळ्यावर काळी साईट दिसत नाही. फ्रंट साईटचा माथा काळ्याच्या खाली, मध्ये पांढरी पट्टी ठेवून धरा. ती पट्टी रोज कमीजास्त झाली तरी चालतं, साईटमधली मांडणी बिघडलेली चालत नाही. हिशोब करून पाहा. दोन साईटमधलं अंतर ३३० मिलिमीटर धरलं आणि फ्रंट साईट खाचेत फक्त ०.१ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३ मिलिमीटर सरकतो. अर्धा मिलिमीटर सरकली तर १५ मिलिमीटर. एका वर्तुळाची रुंदी ८ मिलिमीटर आहे, म्हणजे छर्रा जवळपास दोन वर्तुळं बाहेर सरकला. उलट साईट पक्क्या जुळलेल्या असताना सगळा हात ५ मिलिमीटर तरंगला, तर छर्रा ५ मिलिमीटरच हलतो आणि दहाच मिळतात. म्हणून नजर फ्रंट साईटवर ठेवायची आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायचं.

खाचेत दोन्ही बाजूंना दिसणारी उजेडाची फट फ्रंट साईटच्या रुंदीच्या एकतृतीयांश ते निम्मी असावी. फट फार बारीक ठेवली की डोळा थकतो आणि मंद उजेडात ती नाहीशीच होते. चाळिशीनंतर थोडी रुंद फट सुखाची वाटते. क्लिकचं माप प्रत्येक पिस्तुलाचं वेगळं असतं. पाच छर्रे मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा आणि दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर दहाने भागा. आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. काही पिस्तुलांच्या स्क्रूवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते सांगतो, काहींवरचा बाण छर्रा आधी कुठे गेला होता ते. हे पहिल्याच दिवशी तपासा.

महाग छर्रे घेतले तर गुण वाढतील का? (सोलापूर)

फारसे नाही. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा रेषेला नुसता टेकला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. पिस्तूल बांधून मारल्यावर दहा छर्ऱ्यांचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ८ मिलिमीटरच्या आत आला, तर तो छर्रा तुमच्या सरावाला भरपूर चांगला आहे. पात्रता फेरीत पिस्तुलाचे गुण पूर्णांकातच मोजले जातात. चपट्या डोक्याचे, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचे छर्रे घ्या. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० वगैरे डबीवर लिहिलेला असतो. दोन-तीन व्यास तपासून एक ठरवा आणि त्याच बॅचच्या जास्त डब्या उचला. डबी खाली पडली तर त्यातले छर्रे सरावाला टाका, कारण त्यांची मागची पातळ कड वाकलेली असते.

वडिलांच्या नावावर .३२ बोअरचं परवानाधारक रिव्हॉल्व्हर आहे. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात ते चालेल का? त्याचा ट्रिगर हलका करून घ्यावा म्हणतो. (लातूर)

आधी कायद्याचं. शस्त्र वडिलांच्या परवान्यावर आहे, ते तुम्ही परस्पर उचलून रेंजवर नेऊ शकत नाही. परवान्यावर तुमची नोंद होऊ शकते का, तो कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे आणि काडतुसं किती मिळतात, हे जिल्ह्याच्या परवाना शाखेत विचारून घ्या.

आता खेळाचं. नियम रिव्हॉल्व्हरला नाही म्हणत नाहीत. सेंटर फायरला (टोपी मध्यावर असलेल्या काडतुसांच्या प्रकाराला) ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर चालतं, .३२ त्यात बसतं. कमाल वजन १४०० ग्रॅम, बॅरल १५३ मिलिमीटरपर्यंत, साईटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत आणि ट्रिगर किमान १००० ग्रॅम. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही, पण नेमबाज जसपाल राणा यांनी १९९४ आणि २००६ सालच्या आशियाई स्पर्धांत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं.

अडचण दुसरी आहे. स्वसंरक्षणाचं रिव्हॉल्व्हर आखूड बॅरलचं, न हलणाऱ्या साईटचं असतं. साईटमधलं अंतर १३० मिलिमीटर धरलं तर ०.१ मिलिमीटरच्या चुकीने २५ मीटरवर गोळी १९ मिलिमीटर सरकते. स्पर्धेच्या पिस्तुलात तीच चूक ११ मिलिमीटरची होते. आणि गोळ्या डावीकडे लागत असतील तर फिरवायला साईटच नाही. वेगवान टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद लपतं. प्रत्येक गोळीआधी हॅमर ओढताना अंगठा हलतो, पकड बदलते. लांब बॅरलच्या, हलत्या साईटच्या स्पर्धेच्या रिव्हॉल्व्हरवर हे सांभाळून उत्तम गुण मिळवता येतात. घरातल्या रिव्हॉल्व्हरवर नाही.

स्पर्धेचं रिव्हॉल्व्हर पुढेमागे बघायची वेळ आली, तर सिलिंडरच्या (काडतुसांच्या फिरत्या चकतीच्या) एकाही घरात काडतूस नाही याची दोनदा खात्री करून हे तपासा. हॅमर अगदी सावकाश ओढा आणि सिलिंडरला बोटाचा हलका अडथळा द्या. हॅमर पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर खाचेत ‘टक्’ करून बसला पाहिजे, सहाही घरांना. एक जरी घर उशिरा बसत असेल तर गोळी बॅरलच्या मागच्या तोंडाशी तिरकी शिरते, शिसं तासलं जातं आणि एखादी गोळी विनाकारण भरकटते. सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. ०.१० ते ०.२० मिलिमीटर ठीक. त्याहून खूप कमी असेल तर थोड्या गोळ्यांनंतर काजळी साठून सिलिंडर अडतो, खूप जास्त असेल तर वायू निसटतो आणि वेग कमीजास्त होतो. मग रेंजवर घरांना १ ते ६ क्रमांक द्या आणि प्रत्येक घरातून पाच-पाच गोळ्यांचा वेगळा ग्रुप घ्या. सहाही घरं सारखी नसतात. स्पर्धेतली मालिका पाच गोळ्यांची असते, तेव्हा सर्वात वाईट घर कायमचं रिकामं ठेवायचं.

ट्रिगरला कानस लावायचा विचार मात्र सोडा. हॅमर आणि सिअरच्या पृष्ठभागावर कठीण केलेला थर पातळ असतो. तो गेला की खालचा मऊ धातू झिजतो आणि काही महिन्यांत कॉक केलेला हॅमर नुसत्या धक्क्याने खाली पडतो. हे काम परवानाधारक कारागिराचं आहे. तोही स्प्रिंग बदलेल, पृष्ठभाग जेमतेम चमकवेल आणि १००० ग्रॅमच्या वर थांबेल. हॅमरची स्प्रिंग फार मऊ झाली तर काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका बसतो, गोळी सुटत नाही आणि मालिका मध्येच अडते. बॅरल कापून घेणं तर गुन्हाच आहे. वडिलांचं रिव्हॉल्व्हर आहे तसं राहू द्या आणि तुम्ही जवळच्या रायफल क्लबात १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करा. त्यासाठी लागणारं ४.५ मिलिमीटरचं, २० जूलच्या आतलं एअर पिस्तूल शस्त्रपरवान्याशिवाय घेता येतं. खरेदीच्या वेळी ओळखीचे आणि वयाचे कागद द्यावे लागतात. पावती जपून ठेवा, प्रवासात ती सोबत हवी.